प्रॉडक्शन मॅनेजमेंटमधली पगारी उमेदवारी : एरंडोलच्या एका मुलीला उत्तर

एरंडोलच्या एका मुलीने विचारलं आहे, ते थोडक्यात असं : बी.कॉम. झालं आहे. दोन हंगाम एका जिनिंगच्या ऑफिसात काटा पावत्या, व्हाउचर आणि टॅलीच्या नोंदी केल्या. मावसभाऊ अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढतो, त्या शूटिंगला गाड्या, जेवण, कलाकारांची ने-आण तीच बघते. आता मुंबईतली एक संस्था 'फिल्म आणि टीव्ही प्रॉडक्शन मॅनेजमेंटमध्ये पगारी अप्रेंटिसशिप' देते म्हणते. सहा महिने, महिना 5,000 रुपये, पण आधी 40,000 अनामत भरायची. वडील म्हणतात, "मुंबईमा जाईसन पोर काय करी?" जावं का?

आधी अनामतीचं बोलू. ती भरू नकोस. 5,000 प्रमाणे सहा महिन्यांचे 30,000 होतात आणि तू आधी 40,000 देणार. तुझेच पैसे तुला हप्त्याहप्त्याने परत येतील आणि 10,000 त्यांच्याकडे राहतील. अनामत शेवटी परत देऊ असं ते म्हणत असतील, तर कोणत्या अटीवर, किती दिवसांत आणि कोणाच्या सहीने, हे लेखी माग. बहुतेक वेळा इथेच समोरचे फोन उचलायचे बंद होतात. खऱ्या शिकाऊ उमेदवारीत उमेदवाराने काही भरायचं नसतं, आस्थापना, म्हणजे कामावर घेणारी कंपनी, त्याला विद्यावेतन देते. फी घेऊन शिकवणं हाही सरळ व्यवहार आहे, पण मग तो कोर्स झाला. त्याची पारख कोर्स म्हणूनच करायची : शिकवणारे कोण, त्यांनी स्वतः कुठल्या युनिटवर काम केलंय, आधीच्या तुकडीतली मुलं आज कुठे आहेत.

मी भुसावळची. एका मालिकेच्या प्रॉडक्शन अकाउंट्समध्ये व्हाउचर लावण्यापासून सुरुवात केली, पुढे प्रॉडक्शन मॅनेजर झाले, आता लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचं बजेट आणि रोजचा कारभार सांभाळणारी, म्हणून मराठी चित्रपट आणि जाहिराती करते. हाताखाली शिकाऊ मुलं-मुली सतत असतात. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय : ज्या युनिटला शिकाऊ मुलीला ठरल्या तारखेला पैसे देता येत नाहीत, त्या युनिटला प्रॉडक्शन मॅनेजमेंट शिकवता येत नाही. कॅमेरा किंवा एडिटिंग एखादा माणूस बिनपगारी राहूनही शिकेल, कारण त्या कलेचा पैशाशी थेट संबंध नाही. आमच्या कामाचा आहे. लोकांना वेळेवर बोलावणं, वेळेवर जेवू घालणं, वेळेवर सोडणं आणि वेळेवर पैसे देणं, हेच आमचं काम. जिथे शिकाऊचे पैसे 'पुढच्या शेड्यूलला बघू' वर जातात, तिथे सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉट दादांचे, जनरेटरवाल्याचे, ज्युनिअर आर्टिस्टचे पैसेही तसेच लटकलेले असतात. तिथे राहून तू माणसांना टोलवायला शिकशील, आणि ती सवय लागली की चांगल्या युनिटमध्ये कोणी उभं करत नाही.

म्हणून पगार किती आणि कोणत्या तारखेला, हे पहिल्याच भेटीत विचार. लाजू नकोस. हे विचारणारी मुलगी मला तरी आवडते, कारण उद्या तिला मेकअपची व्हॅनिटी व्हॅन भाड्याने देणाऱ्याशी दरावरून बोलायचंच आहे.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते तुझ्याच भागातल्या उदाहरणाने सांगते, कारण संस्थांच्या जाहिरातीत ते कधी नीट लिहिलेलं नसतं.

समज, मे महिन्यात रावेरजवळ केळीच्या बागेत एका दिवसाचं शूट आहे. युनिट भुसावळच्या हॉटेलांत उतरलंय. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर कॉल शीट जाते. त्यात फक्त 'सकाळी 6 ला कॉल' एवढं लिहून भागत नाही. मेकअपवाल्यांचा कॉल वेगळा, कलाकारांचा वेगळा, लाइटमन आणि सेटिंग दादांचा वेगळा, कारण पहिला शॉट साडेसातला लागायचा तर ट्रॅक आणि लाइट त्याआधी उभे पाहिजेत. कुठली गाडी कोणाला घेऊन कुठून निघणार, ड्रायव्हरचा नंबर, बागेत वळायची खूण, सीन नंबर, त्या सीनला लागणारे कलाकार, कपडे, सामान, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, जवळचं हॉस्पिटल. हे सगळं एका पानावर.

त्या पानामागे जे असतं, ते खरं शिकण्यासारखं. जनरेटरची गाडी बागेत जात नाही, कारण जमिनीवर ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. ती बांधावर उभी करायची आणि केबल किती मीटर लागेल ते रेकीतच, म्हणजे आधी जागा बघायला जातो तेव्हाच, मोजून घ्यायचं. नळी तुटली तर भरपाई कशी, घड तुटला तर कशी, हे शेतकऱ्याबरोबरच्या कागदात आधी लिहायचं, म्हणजे संध्याकाळी बांधावर वाद होत नाही. केळीच्या पानांखाली उजेड लवकर कमी होतो, म्हणून दिग्दर्शकाला संध्याकाळी साडेपाचला बागेच्या आतला सीन हवा असेल तर त्याला आदल्या दिवशीच सांगायचं की उघड्यावरचा सीन शेवटी ठेवू. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा पाण्याचे जार, ताक, ओआरएस आणि दुपारची सुट्टी हा बजेटचाच भाग धरायचा. दुपारी लाइटमनला चक्कर आली तर पुढचे दोन तास शूट थांबतं, आणि त्या दोन तासांचे पैसे पाण्याच्या शंभर जारपेक्षा जास्त असतात. पैशाचा हिशोब सोडून दे, तो माणूस आपल्या भरवशावर उन्हात उभा असतो.

पॅकअपनंतर डीपीआर भरायचा, म्हणजे दिवसाचा अहवाल : पहिला शॉट किती वाजता, किती सीन झाले, कोण किती वाजता सुटलं, जास्तीची शिफ्ट कोणाला लागली, काय मोडलं, काय राहिलं. पुढे कधीही कलाकाराच्या तारखांवरून किंवा जादा शिफ्टवरून वाद झाला की हाच कागद काढतात.

आणि व्हाउचर. बैलगाडीवाल्याला दिलेले 2,500, गावातल्या बाईने पंधरा माणसांना वरण-बट्टी करून घातली त्याचे पैसे, पंक्चरचे, शेणाने सारवण्याचे, सगळ्यांचं व्हाउचर लागतं. तारीख, नाव, कशाबद्दल, रक्कम अक्षरी, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, फोन नंबर. 5,000 च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. एका माणसाला एका दिवसात 10,000 पेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतून. वेंडरचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापायचा की नाही, त्याच्या बिलावर जीएसटी नंबर बरोबर आहे का, हे पैसे देण्याआधी बघायचं. तू हे काम जिनिंगमध्ये अर्धंअधिक करून बसली आहेस. हंगामात रोज कापसाच्या गाड्यांची रांग, प्रत्येकाचं वजन वेगळं, भाव वेगळा, आणि पैसे मिळाल्याशिवाय हलायला कोणी तयार नाही, अशा वेळी डोकं शांत ठेवून पावती फाडणारी मुलगी प्रॉडक्शन ऑफिसला हवीच असते. मुलाखतीत 'मला सिनेमाची आवड आहे' हे शेवटी सांग, जिनिंगचं हे काम आधी सांग.

आता कायद्याचं.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा आहे. 2014 च्या दुरुस्तीने ठरलेल्या यादीबाहेरच्या कामांसाठीही, म्हणजे ऐच्छिक ट्रेडमध्ये, उमेदवार घेण्याची वाट मोकळी झाली. माध्यम आणि मनोरंजन क्षेत्रातल्या जागा त्यातूनच निघतात. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तिच्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. त्याच नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 ठरलं, बारावी झालेल्याचं 7,000. आजचा आकडा सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर बघून घे, पण तुला देऊ केलेले 5,000 हे 2019 च्या किमानाच्याही खाली आहेत, एवढं तर दिसतंच. हे विद्यावेतन महिन्याच्या हिशोबाने द्यायचं असतं. 'जितके एपिसोड झाले तितके पैसे' असं कामाच्या नगावर देता येत नाही, हे कायद्यातच आहे.

करार याच पोर्टलवर नोंदलेला असतो. केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना 2016 पासून आहे. तिच्यातून विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार उचलतं. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी नॅट्स म्हणून दुसरी योजना आहे, तिचं पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईतच आहे. तेव्हा कोणी 'सरकारमान्य अप्रेंटिसशिप' म्हणालं की एकच विचार : पोर्टलवरचा तुमचा आस्थापना नोंदणी क्रमांक द्या. खरा असेल तर दोन मिनिटांत मिळतो. जळगावच्या आयटीआयमध्ये शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारी माणसं आहेत, त्यांना तो दाखवून खात्री करून घे. एरंडोलहून जळगाव तुला काही लांब नाही. राज्य सरकारची 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना याहून वेगळी आहे, तिच्यात पदवीधराला 10,000 ठरले होते. दोन्हींची नावं एकत्र करून सांगणारे एजंट फिरतात, त्यांच्यापासून सावध राहा.

मग प्रश्न येतो की चित्रपटाच्या युनिटवर शंभर-दीडशे माणसं असतात, तरी अशा जागा इतक्या कमी का? कारण ती माणसं कंपनीची नसतात. निर्मिती संस्थेच्या ऑफिसात कायम आठ-दहा जण, बाकी सगळे चाळीस-पन्नास दिवसांच्या शेड्यूलपुरते जमलेले. शूट संपलं की युनिट विरतं. कायदा मात्र एका मालकाकडे सहा महिने ते तीन वर्षं सलग शिकण्याची कल्पना धरून लिहिलेला आहे, कारखाना डोळ्यासमोर ठेवून. ब्रिटनमध्येही हीच अडचण आली. तिथे एप्रिल 2017 पासून ज्या कंपन्यांचा वर्षाचा पगारखर्च 30 लाख पौंडांच्या वर आहे, त्यांच्याकडून 0.5 टक्के अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे उमेदवारीसाठीचा कर, घेतात. पैसा जमा झाला, पण बारा महिन्यांची उमेदवारी चार महिन्यांच्या मालिकेत बसेना. मग अशी एजन्सी निघाली की मुलगी तिच्या पगारावर असते आणि एका निर्मितीवरून दुसरीवर तिला पाठवलं जातं. पगार एकाकडून, शिकणं तीन-चार ठिकाणी. आपल्याकडे मुंबईतल्या निर्मात्यांनी एकत्र येऊन हे करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तसं होईपर्यंत तुला वाट बघत बसता येणार नाही, म्हणून आज जागा कुठे आहेत ते सांगते.

नोंदणीकृत उमेदवारी मिळण्याची शक्यता वाहिन्यांची ऑफिसं, मोठे पोस्ट-प्रॉडक्शन आणि व्हीएफएक्स स्टुडिओ, कॅमेरा-लाइट भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्या इथे जास्त, कारण तिथे कायम माणसं 30 च्या वर असतात. यातली भाड्याने सामान देणारी जागा मुलं कमी लेखतात. मी लेखणार नाही. रोज पाच युनिटांचं सामान जाताना-येताना बघितलं की कोणत्या शूटला काय लागतं आणि त्याला किती पडतं, हे वर्षभरात पाठ होतं. बजेट करताना हेच कामी येतं.

दुसरी जागा रोजची मालिका. तिथे पोर्टलवरची नोंदणी बहुधा नसेल, साधं नेमणूक पत्र असेल, तरी शिकाऊसाठी मला मालिका चित्रपटापेक्षा बरी वाटते. काम सलग चालतं, महिन्याचा पगार बसतो, आणि टेलिकास्टची तारीख कोणासाठी थांबत नसल्याने शेड्यूल मोडलं की दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे दर आठवड्याला समोर येतं. मराठी मालिकांची युनिटं आता सातारा-वाई, कोल्हापूर, नाशिककडेही असतात. नाशिक तुला मुंबईपेक्षा जवळ आणि स्वस्त. एकच गोष्ट घट्ट धर : टीव्हीत काम केल्यापासून 90 दिवसांनी पैसे, अशी पद्धत पडलेली आहे. मुरलेला माणूस ती कशीबशी झेलतो, शिकाऊ झेलू शकत नाही. तुझं विद्यावेतन या 90 दिवसांच्या बाहेर, महिन्याच्या महिन्याला, हे पत्रात आलं पाहिजे.

चित्रपट दुसऱ्या वर्षी कर. तिथे स्क्रिप्ट ब्रेकडाउन (कोणत्या सीनला काय लागेल त्याची यादी), शेड्यूल, बजेट, शूट, पोस्ट-प्रॉडक्शन आणि शेवटचा हिशोब बंद करणं, असा एक पूर्ण फेरा बघायला मिळतो. पण नवख्या मुलीला पहिल्याच शूटवर बहुतेक वेळा गाड्यांच्या मागेच पळवतात.

पुण्याच्या एफटीआयआयचं नाव तू घेशील. तिथे दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी यांचं शिक्षण उत्तम, पण आपल्या कामासाठी स्वतंत्र पूर्ण अभ्यासक्रम हवा असेल तर कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेत चित्रपट-टीव्ही निर्मितीचा आहे. प्रवेश परीक्षा कठीण असते. तयारी करायची तर जरूर कर, पण त्यासाठी कामाची संधी सोडू नकोस.

पत्र हातात आलं की काय बघायचं? विद्यावेतनाची रक्कम आणि तारीख तर आलीच. प्रवास, जेवण, बाहेरगावच्या शूटला राहणं आणि बाटा, म्हणजे रोजचा भत्ता, कोण देणार, हे वेगळं लिहिलेलं असावं. कामाचे तास : मुंबईत शिफ्ट बारा तासांची धरतात आणि ती सहज चौदा-पंधरावर जाते. शिकाऊला रात्रीच्या पॅकअपनंतर गाडी मिळणार की नाही, हे तुझ्या वडिलांनी विचारायच्या आधी तूच विचार. कोण शिकवणार त्याचं नाव, आणि दर तीन महिन्यांनी काम बदलणार की नाही. माझ्याकडे मी पहिले तीन महिने अकाउंट्स, मग लोकेशन आणि परवानग्या, मग सेटवर कॉल शीट आणि डीपीआर, असं फिरवते. ज्या ऑफिसात वर्षभर चहा, झेरॉक्स आणि 'जरा कुरिअर देऊन ये' एवढंच आहे, तिथे पगार वेळेवर मिळाला तरी सहा महिन्यांत निघ. मुलाखतीत विचार : मला बजेटची शीट उघडून बघायला मिळेल का? हो म्हणणारे कमी भेटतील. जे म्हणतील, त्यांच्याकडे जा.

इजा झाली तर? कायद्याने नोंदलेल्या उमेदवाराला कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर युनिटच्या विम्यात तुझं नाव आहे का, हे लेखी घे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याचा 2013 चा कायदा शिकाऊ आणि ट्रेनी मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तिच्या सदस्यांची नावं-नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्यायची. हे मागितलं म्हणून कोणी तोंड वाकडं केलं तर ती जागा नको. चित्रपट कामगारांशी लेखी करार करण्याची तरतूद 1981 च्या कायद्यापासून आहे. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेत ती दृक्श्राव्य कामगार म्हणून टीव्ही आणि वेब मालिकांपर्यंत आली. तेव्हा 'आमच्यात लेखी काही नसतं' हे उत्तर ऐकून घेऊ नकोस.

पैशाचं गणितही समोर मांडते. गोरेगाव-मालाडकडे कॉट बेसिसवर राहायचं, डबा, लोकलचा पास आणि फोन धरला तर 9,000 मध्ये महिना निघत नाही. घरून मदत लागेल, किंवा 15,000 च्या आसपास देणारी जागा शोधावी लागेल. अशा जागा आहेत. ज्या मुलीला टॅली, एक्सेल आणि मराठी-हिंदी दोन्हींत नीट मेल लिहिता येतो, तिला मी स्वतः किमानाच्या वर देते, कारण ती दुसऱ्या महिन्यापासून माझं काम हलकं करते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मुंबईला जाण्याआधी खान्देशातलं सहा महिन्यांचं काम उभं कर. आपल्या भागात शूटिंग होत नाही, असं समजू नकोस. अहिराणी गाणी, धुळे-मालेगावकडचे खान्देशी विनोदी व्हिडिओ, जळगावच्या सराफांच्या आणि शेतीमालाच्या जाहिराती सतत चालू असतात. खान्देशी व्हिडिओ तर कोट्यवधी लोक बघतात. मावसभावाच्या शूटवर तू जे करतेस ते आता कागदावर कर. पुढच्या गाण्याची कॉल शीट बनव, व्हाउचर लाव, शेवटी एका पानावर खर्चाचा गोषवारा काढ. आणि त्या कामाचे पैसे मावसभावाकडूनही घे. थोडे घे, पण घे आणि पावती दे. अशा तीन शूटची फाइल घेऊन आलेली मुलगी मी सर्टिफिकेटवालीच्या आधी बसवून घेते.

दुसरी फाइल लोकेशनची. मुंबईची युनिटं तोरणमाळ, सारंगखेड्याचा घोडेबाजार, तापीकाठ, अजिंठा इथे येतात तेव्हा त्यांना स्थानिक माणूस लागतो, आणि त्याला रोजाने चांगले पैसे मिळतात. फक्त 'मी ओळखते सगळ्यांना' एवढ्यावर हे काम मिळत नाही, परवानगी कोणाकडे मागायची हे माहीत असावं लागतं. राज्यातल्या सरकारी जागांसाठी महाराष्ट्र फिल्म सेलची एक खिडकी योजना आहे. तरी तलाठी, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्यात आधी जाऊन बसावं लागतंच. पाटणादेवी गौताळा अभयारण्याच्या हद्दीत येतं, म्हणजे वन विभाग. यावल अभयारण्याचंही तसंच. अजिंठा जळगावहून जवळ, पण परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची. भुसावळ स्टेशनवर स्टेशन मास्तरच्या तोंडी होकारावर कॅमेरा लागत नाही. अर्ज मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या मुख्यालयात जातो, आणि त्याला वेळ लागतो हे दिग्दर्शकाला स्क्रिप्ट वाचतानाच सांगायचं असतं. ड्रोन उडवायचा तर 2021 चे नियम आणि सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघायचा, जळगाव विमानतळाच्या आसपास विशेष काळजी. बैलजोडी किंवा घोडा फ्रेममध्ये असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी.

लहान मुलांच्या बाबतीत तर एक अक्षर सोडू नकोस. 2017 च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या मानधनातले किमान 20 टक्के त्याच्या नावावर मुदत ठेवीत. गावाकडच्या शूटवर पोरं हौसेने दिवसभर थांबतात, आईवडीलही काही म्हणत नाहीत. म्हणून घड्याळ प्रॉडक्शनच्या माणसानेच बघायचं, आणि दिग्दर्शकाला 'मुलाला सोडा' हे सांगायची हिंमतही त्यानेच ठेवायची. ही हिंमत शिकाऊपणातच येते, तेही तिथेच जिथे तुझा प्रॉडक्शन मॅनेजर तुझ्यामागे उभा राहतो.

लोकेशनच्या त्या फाइलमध्ये काय हवं? प्रत्येक जागेचे सकाळ-दुपार-संध्याकाळचे फोटो, मालकाचं नाव, मोठी गाडी कुठवर जाते, थ्री-फेज वीज आहे का, लोडशेडिंगच्या वेळा, मोबाइलची रेंज, बायकांसाठी शौचालय किती अंतरावर, राहण्याची सोय. शौचालयाची नोंद मी मुद्दाम सांगते. रेकीला गेलेले पुरुष ती करत नाहीत, आणि नंतर युनिटमधल्या पंधरा बायका दिवसभर पाणी न पिता काम करतात.

वडिलांशी बोलताना सिनेमा हा शब्द मागे ठेव. त्यांना नेमणूक पत्र दाखव, पगाराची तारीख दाखव, राहण्याची जागा आणि रात्रीच्या गाडीची सोय सांग, आणि पहिल्या खेपेला त्यांना सोबत ऑफिस बघायला घेऊन जा. शिकाऊच्या वडिलांना खुर्ची देऊन चहा पाजणारी ऑफिसं आहेत. 'बाप कशाला आणला' म्हणणारीही आहेत, आणि ती तेवढ्यावरूनच कळतात.

त्या संस्थेला आजच मेल कर. तीन ओळी पुरतात : तुमचा आस्थापना नोंदणी क्रमांक कळवा, कराराचा नमुना पाठवा, अनामत कोणत्या नियमाखाली घेता ते लिहा. आठ दिवस उत्तराची वाट बघ. तोपर्यंत मावसभावाच्या पुढच्या गाण्याची तारीख ठरली असेल, तर त्याची कॉल शीट करून मला पाठव. मी खुणा करून परत देईन.